काय दिसतं ते सांग

२८ मे २०१४

आमचे मुख्याध्यापक हॉल सरांनी अखेर मान डोलावली. जुलैत दहा दिवस शाळेतली मुलं आमच्या कुळाच्या खाडीवर घेऊन जायची. मासे कापायचे, धुरावर वाळवायचे आणि खाडीच्या काठावरच्या जागांची जुनी नावं शिकायची. अट एकच, किमान आठ मुलं पाहिजेत, शेवटपर्यंत पाहिजेत. एकही कमी झालं तर हा उपक्रम यंदापुरता आणि कायमचा बंद. सर दक्षिणेकडून येऊन दोनच वर्षं झाली आहेत. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं आकड्यात लागतं.

अहवालासाठी शाळेने एक वही दिली आहे. ही दुसरी वही माझी. तीस वर्षं मुलांना अमेरिकेच्या नद्या पाठ करून घेतल्या, आता वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी घराशेजारच्या ओढ्याचं नाव शिकवायला निघाले आहे. हसू येतं.

खाडीच्या आमच्या काठावर त्रेचाळीस जागा आहेत. मला बारा येतात. सगळ्या त्रेचाळीस येणारा माणूस आता एकच उरला आहे, तो म्हणजे अमोस मामा. वय ब्याऐंशी.

संध्याकाळी त्याच्याकडे गेले. ओट्यावर समुद्राकडे तोंड करून बसला होता. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले तरी म्हणाला, "कोण?" मी म्हटलं, एवढी जाड भाची दिसत नाही का. म्हणाला, तुझ्या मागे ऊन होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू." मामाचं "बघू" म्हणजे काय, हे माझ्या आईलाही जन्मभर कळलं नाही.

६ जून

आठवडाभर खपून नकाशा काढला. चांगला टेबलाएवढा. सरकारी नकाशावर आमच्या डोंगरांना कुठल्या कुठल्या कप्तानांची नावं आहेत, ती गाळली. आमची बारा लिहिली, बाकी एकतीस जागी मोकळे चौकोन ठेवले. पलीकडच्या उत्तर काठावर लांडगा कुळाच्या जागा, त्यातल्या चार बाबांनी सांगितलेल्या आठवत होत्या, त्याही लिहिल्या. आई कोहो माशाच्या नावाच्या कुळाची म्हणून मी कोहो. बाबा लांडगा कुळाचे. त्यांच्या माणसांची लेक म्हणून तेवढा हक्क आहेच की मला.

मामाने नकाशा हातात घेतला. उलटा धरला होता. बराच वेळ तसाच धरून बसला, कागदावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सुबक आहे." मग घडी करून उशीखाली सारला. इतकी मेहनत करून एक धड नजर नाही. घरी येऊन भांडी जोरजोरात घासली.

१४ जून

मामा येणार. पण अटी घातल्या आहेत. आवाज टिपायचं यंत्र नाही. कागद नाही. होडी शेल्बी चालवणार, म्हणजे माझ्या चुलतबहिणीची मुलगी. सत्तर वर्षं ज्याने ती खाडी धुक्यात पार केली, तो आता पोरीच्या हाती सुकाणू देतोय आणि म्हणतोय, म्हातारा झालो. नावं तो स्वतः आपणहून सांगणार नाही. एकेक मूल त्याच्या शेजारी बसेल, तो विचारेल आणि मुलाने उत्तर द्यायचं.

मी म्हटलं, मामा, दहा दिवसांत त्रेचाळीस नावं, कागदाशिवाय कसं जमायचं. तर म्हणाला, "कागदावर काय लिहिलंय ते मला कसं कळणार?" माझ्या अक्षराला आणि शुद्धलेखनाला टोमणा. शाळा या शब्दाचाच त्याला राग आहे, आणि का नसावा. सात वर्षांचा असताना शाळेत आमच्या भाषेत पाणी मागितलं म्हणून त्याच्या तोंडात साबण कोंबला होता. मी त्याच शाळाखात्याकडून आले आहे, हे तो विसरत नसावा.

तरी शब्द दिला. आमच्या भाषेतली नावं या वहीतही लिहिणार नाही. अर्थ लिहीन. अर्थाला तो काय करणार.

१५ जून

एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे मन हलकं होईल.

१९६८ चा उन्हाळा. मी बारा वर्षांची. मामा मला रोज होडीत घेऊन जायचा. आमच्यात मामानेच शिकवायचं असतं, बापाने नाही. तो वल्हं मारायचा आणि काठाकडे मान करून काहीबाही सांगायचा. मी ताडपत्रीखाली प्रेमकथांचं पुस्तक दडवून वाचायचे. उन्हाळाभर. त्याने एकदाही टोकलं नाही. एकतीस मोकळे चौकोन म्हणजे ते पुस्तक आहे. त्यातल्या नायिकेचं नावसुद्धा आता आठवत नाही.

७ जुलै, खाडी

आलो. नऊ मुलं, शेल्बी, मामा आणि मी.

मासे वाळवायच्या आमच्या धुरघराचं छप्पर एका बाजूला कललंय, पण उभं आहे. आत पाऊल टाकलं आणि तो वास आला. चाळीस वर्षं झाली, एकही मासा तिथे टांगला नसेल, तरी लाकडात मुरलेला धूर आणि तेल तसंच आहे. दारच्या खांबावर आई दर उन्हाळ्यात चाकूने आमची उंची कोरायची. माझ्या खुणा सापडल्या. १९६८ ची खूण सगळ्यात वर, त्यानंतर मी मोठी झाले आणि सुट्टीत मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला जायला लागले. त्या खुणेला हात लावून उभी राहिले आणि आईची इतकी आठवण आली की मुलांना तंबू ठोकायला पाठवून दिलं, रडू दिसू नये म्हणून.

मामाही आला. खांब चाचपून त्याने नेमकी तीच खूण शोधली. म्हणाला, "इथवर होतीस."

८ जुलै

पहिला धडा.

मामा होडीच्या टोकाला, शेजारी अकरा वर्षांचा वेंडेल. शेल्बीने इंजिन बंद केलं.

"काय दिसतं ते सांग," मामा म्हणाला.

"झाडं."

"झाडं तर सगळीकडे आहेत."

"डोंगर आहे आजोबा."

"तोही सगळीकडे आहे. कसा आहे?"

वेंडेल जांभई देत होता. मग हळूहळू म्हणाला, डोंगराला एक कुबड आहे. त्याच्या डावीकडे झाडं नाहीत, उजवीकडे आहेत. वरचा दगड पुढे झुकलाय. कोणीतरी शाल घेऊन बसल्यासारखा.

"तोंड कुठे आहे तिचं?"

"जमिनीकडे. समुद्राकडे पाठ केलीय."

"का केली असेल?"

वेंडेलने गालावर वारा घेतला. "वारा इकडूनच येतोय."

तेव्हा कुठे मामाने नाव सांगितलं. वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. वेंडेलने ते तीनदा म्हटलं. एका नावाला पाऊण तास. दिवसभरात तीन नावं. या वेगाने त्रेचाळीस व्हायला दोन आठवडे लागतील, आणि आपल्याकडे दहाच दिवस. मी तसं म्हणाले तर मामा म्हणाला, तुझं पुस्तक आणलंयस का, वाच तोवर.

त्याला माहीत होतं. शेहेचाळीस वर्षं माहीत होतं.

९ जुलै

लाल सामन ओढ्यात शिरले. पहिल्या माशाचे आभार मानून त्याचा काटा मुलांनी पाण्यात परत सोडला. मामाने कापून दाखवला. काय हात आहे. मान वर, नजर कुठेतरी झाडांच्या शेंड्यावर, आणि पातं काट्याला लागून सरकन शेपटीपर्यंत. मासा बघायची त्याला गरजच नाही. मुलांना म्हटलं, याला म्हणतात सराव.

मर्सी त्याच्या शेजारी बसून माशांच्या पाट्या देत होती. प्रत्येक वेळी पाटी त्याच्या मनगटाला टेकवून मगच ठेवायची. बारा वर्षांची आहे, लांडगा कुळातली, माझ्या सेलिना आत्याची नात. जरा फटकळ आहे पण वळण चांगलं आहे.

मी कापलेल्या माशाला बोट लावून मामा म्हणाला, हा कोणी अस्वलाने कापला का. सगळी हसली. मीही.

११ जुलै

आज माझ्या हातून मोठी चूक झाली.

सकाळपासून पाऊस. होडी काढता येईना. मोठ्या तंबूत सगळे चहा आणि कडक बिस्किटं घेऊन बसलो. मुलं कंटाळलेली. मला वाटलं, आपण काहीतरी द्यावं. पलीकडच्या उत्तर काठावरच्या दुभंगलेल्या खडकाची गोष्ट सांगायला घेतली. बाबा सांगायचे, स्वयंपाकघरात, माझे केस विंचरता विंचरता. मी रंगात आले. मुलं ऐकत होती. तीस वर्षांत वर्ग इतका शांत मी पाहिला नव्हता.

अर्ध्यावर मर्सी उठली.

"बाई, ही गोष्ट आमची आहे. आजीला विचारलंत?"

मी म्हटलं, अगं, माझ्या बाबांनी सांगितलीय, ते तुमच्याच कुळाचे.

"पण तुम्ही नाही."

मी मामाकडे पाहिलं. तो सावरून घेईल असं वाटलं. त्याने कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतेय." मग माझ्याशी दिवसभर एक शब्द नाही.

बाहेरचे लोक हसतील. एक गोष्ट, त्यात काय एवढं. पण ती गोष्ट म्हणजे त्यांचा खडक, त्या खडकात गेलेली त्यांची माणसं. दुसऱ्या कुळाच्या माणसाने ती विचारल्याशिवाय तोंडातून काढायची नसते, हे आमच्यात चार वर्षांच्या पोराला कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. मला टाळ्या हव्या होत्या.

दुपारी मर्सीने घरी जायचं म्हटलं. तिच्यामागे लांडगा कुळातली दुसरी दोघं. नवातून तीन गेले की सहा. हॉल सरांचा आकडा आठ. आणि मामाला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांब म्हणून कोण सांगणार.

१२ जुलै

पाऊस थांबताच शेल्बीबरोबर गावात, सेलिना आत्याकडे. मर्सीला म्हटलं, मी येईपर्यंत थांब. ती म्हणाली, आजोबांसाठी थांबते.

आत्याने आधी जेवायला घातलं. हॅलिबट मासा, बटाटे, सीलचं तेल. मी चूक सांगायला तोंड उघडलं की अजून वाढायची. तिसऱ्या वाढपानंतर म्हणाली, "हं, आता बोल, पोट भरलेलं माणूस कमी खोटं बोलतं."

सगळं सांगितलं. नकाशावरच्या चार नावांचंही.

"तुझ्या बापाने ती गोष्ट तुला दिली नव्हती गं," ती म्हणाली. "तुझ्यावर जीव होता म्हणून ऐकवली होती. दोन्हींत फरक आहे."

त्या वाक्याने मी जेवढी रडले तेवढी बाबा गेले तेव्हाही रडले नसेन. त्यांचा कंगवा डोक्यात फिरतोय असं वाटलं.

मी विचारलं, भरपाई काय करू. दुकानातली चादर आणलीस तर तुझ्याच अंगावर फेकीन, असं म्हणाली. ज्यांच्यासमोर चुकलीस त्यांच्यासमोर कबूल कर. आणि हिवाळ्यात आमच्या घरात तुझ्या आईच्या धुरघरातले मासे आले पाहिजेत, तू कापलेले, अस्वलाने कापल्यासारखे दिसले तरी चालतील. ही बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे.

मग स्वतःच रबरी बूट चढवून निघाली. होडीत विचारलं, "मामाला चढता-उतरताना हात देतेस ना?" मी म्हटलं, तो कुणाचा हात घेणाऱ्यातला आहे का. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मग समुद्राकडे बघून हसली. म्हणाली, "बाई, तू मुलांना शिकवतेस म्हणे."

१३ जुलै

सगळ्यांसमोर उभी राहून चूक कबूल केली. शेवटी आमच्या भाषेत आत्याचे आभार मानले, गुनल्चीश म्हटलं, आणि माझ्या नकाशावरची ती चार नावंही परत दिली असं सांगितलं. मर्सीने मान हलवली, परीक्षकासारखी. मग स्वतःच माझ्यासाठी चहा ओतला.

त्यानंतर आत्याने दुभंगलेल्या खडकाची गोष्ट सांगितली. खडकासमोर होडी उभी करून. बाबांनी सांगितलेली किती कमी होती ते कळलं. ती इथे लिहीत नाही. माझी नाही.

तिन्ही मुलं राहिली.

१५ जुलै

आत्या परत जायचं नाव काढत नाही. सकाळी उत्तर काठ ती शिकवते, दुपारी आपला काठ मामा. दोघांची तोंडं अखंड चालू. मामा म्हणतो, तुमच्या काठावर नुसते खडक, म्हणून तुम्ही इतके टणक. ती म्हणते, तुमच्या काठावर नुसता चिखल, पाय टाकला की रुततो, मग बाहेर निघत नाही, म्हणून तर मी अजून इथे आहे. मामा लाजला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस लाजताना मी पहिल्यांदा पाहिला. मामी जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर तो मोठ्याने हसलेलाही आजच ऐकला.

मुलं बदलली आहेत. आपसात बोलतानासुद्धा आता नुसतं "तिकडे बघ" म्हणत नाहीत. "बेटाच्या डाव्या टोकाला, पांढऱ्या दगडाच्या वर, गरुड बसलाय, तोंड आपल्याकडे." वेंडेल तर मामाला जेवताना ताटातलंसुद्धा सांगत होता, मासा तुमच्याकडे, भात पलीकडे. मी म्हटलं, अरे, धडा संपला आता. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आपला माझा मासा खायला लागले.

माझी चिंता मात्र संपत नाही. मामाने प्रत्येकाला काठाचा एकेक तुकडा दिला आहे, चार चार नावं. कोणा एकाकडे सगळी नाहीत. माझ्याकडे तर एकही तुकडा नाही. आणि मोजून पाहिलं तर मुलांची मिळून छत्तीसच होतात. सात नावं कुणालाच दिलेली नाहीत. उद्या एक दिवस उरला आहे. विचारलं तर म्हणतो, बघू.

१६ जुलै

शेवटचा दिवस. नीट लिहिते.

सगळे दोन होड्यांत बसलो. खाडीच्या तोंडापासून घराकडे. प्रत्येक मुलाने आपला तुकडा आला की उभं राहून आधी काय दिसतं ते सांगायचं आणि मग नाव. मामा टोकाला बसून ऐकत होता, हात गुडघ्यावर. वेंडेलच्या डोंगरावर आज ढग उतरले होते. तो म्हणाला, आज तिने शाल डोक्यावरून घेतलीय. मामा इतका हसला की त्याला खोकला आला.

छत्तीस नावं झाली. पांढरा दगड आला. तिथून धुरघरापर्यंतचा काठ उरला. कोणी उभं राहिलं नाही.

"नोरा," मामा म्हणाला, "आता तुझा भाग."

"माझा कुठला?"

"पुस्तक वाचत होतीस तो."

मी म्हटलं, मामा, मला यातलं काही येत नाही, तेव्हा मी ऐकतच नव्हते. मी मुलांकडे पाहिलं, मुलं पाण्याकडे बघायला लागली. मर्सी माझ्या शेजारी होती. ती अगदी हळू, मला लाज वाटू नये इतक्या हळू म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा त्यांना काय दिसतंय ते. त्यांना दिसत नाही ना."

मी म्हटलं, काय?

"आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

उलटा नकाशा. अगदी समोर उभी असताना "कोण?" शेल्बीच्या हातातलं सुकाणू. मनगटाला टेकवलेली पाटी. सगळं माझ्याच हाताने या वहीत लिहिलेलं आहे, आत्ता पानं उलटून पाहिली. मी काय काय ठरवलं होतं त्याच्याबद्दल. हट्टी, आळशी, रागीट. एकदाही नीट पाहिलं नाही. मुलांना मात्र नऊ दिवस एका आंधळ्या माणसाला आपला काठ दाखवायचा होता, म्हणून ती तो बघायला शिकली.

मी उभी राहिले. मग म्हटलं, मामा, पांढरा दगड दिसतोय, त्याला मधोमध हिरवी चीर आहे. आणि नाव आलं. मी आठवलं नाही, ते आपोआप आलं, त्याच्या तरुणपणीच्या आवाजात, वल्ह्याच्या तालावर. मग ओहोटीच्या वेळी वाळूत गडप होणारा ओढा. त्याचंही आलं. सील पिलांना उन्हात टाकतात तो खडक. वाकडा हेमलॉक वृक्ष, पडलाय आता, बुंधा आहे, मी तेही सांगितलं. मामा म्हणाला, "पडला का." मग पाचवं. सहावं.

सातवं अडलं. कोणी सुचवलं नाही. शेल्बीने इंजिन बंद केलं.

"काय दिसतं ते सांग," मामा म्हणाला.

"किनारा दिसतोय. झाडं मध्ये आहेत, घर अजून दिसत नाही. धूर दिसतोय, सरळ वर चाललाय."

"मला वास आला," तो म्हणाला.

घराआधी धूर येतो. तेच नाव. आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं.

काठाला लागल्यावर मुलं उतरून पळाली. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. म्हणाला, "सांगितलं असतं तर तू दहा दिवस काठ सोडून मला बघत बसली असतीस." मग म्हणाला, नकाशा खरंच सुबक होता, कागद चांगला जाड होता. मी म्हटलं, तू उलटा धरला होतास. म्हणाला, सरळ धरला असता तर तू मला आणखी चार दाखवले असतेस.

अहवालाच्या वहीत उद्या लिहीन: मुलं नऊ, दिवस दहा, नावं त्रेचाळीस. हॉल सरांना आकडे पुरतील.

मग मी होडीतून खाली उतरले, गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि हात पुढे केला. म्हटलं, मामा, माझा हात तुझ्या उजवीकडे आहे, कोपराच्या जरा खाली. त्याने लगेच धरला. इतके दिवस मी तो पुढे केलाच नव्हता.